कोल्हापूरची बातमी, डोंगरीचा तुरुंग

ग्रुपवर एक स्क्रीनशॉट येतो, ‘हे पत्र बघा, सगळं बाहेर आलंय!’ खरं-खोटं न बघता तुम्ही तो पुढे ढकलता. अशाच काही पत्रांपायी १८८२ मध्ये दोन संपादक तुरुंगात गेले होते, आणि पत्रं होती आपल्या कोल्हापूरच्या दरबाराबद्दलची.

गादीवर तेव्हा छत्रपती चौथे शिवाजी महाराज होते, पण नावापुरतेच. महाराजांना वेड लागलंय असं सांगितलं जायचं आणि कारभार दिवाण माधवराव बर्वे बघायचे. महाराजांचा छळ होतोय, अशी कुजबुज होतीच. त्यात बर्व्यांच्या कटाचा पुरावा म्हणून काही पत्रं पुढे आली. जेमतेम वर्षभराच्या ‘केसरी’ आणि ‘मराठा’ने त्यावर सडकून लिहिलं. ‘केसरी’चे संपादक तेव्हा आगरकर आणि इंग्रजी ‘मराठा’चे टिळक. (हो, उलटं नाही!) दोघंही पंचविशीतले.

बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा दावा ठोकला. कोर्टात पत्रं बनावट ठरली. दोघांनी माफी मागितली, तरी चार-चार महिन्यांची शिक्षा झालीच. त्यातले १०१ दिवस त्यांनी मुंबईत डोंगरीच्या तुरुंगात काढले. जामिनाची सोय करायला पुढे आले ते जोतीराव फुले. पुढच्या काळातली भांडणं माहीत असलेल्यांना हे जरा नवल वाटेल.

साम्राज्य आणि छापखाना यांचं कधी जमत नाही. रशियात झारच्या काळात मजकूर आधी सेन्सॉरला दाखवावा लागे. म्हणून हर्झेनने ‘कोलोकोल’ हे रशियन पत्र १८५७ पासून लंडनमध्ये छापलं आणि चोरून मायदेशी धाडलं. आपल्याकडे लिटनने १८७८ मध्ये फक्त देशी भाषांतल्या पत्रांसाठी कायदा आणला, इंग्रजी पत्रं मोकळी. रिपनने तो १८८२ मध्ये रद्द केला. पण टिळक-आगरकरांना आत पाठवायला तो कायदा लागलाच नाही, साधं अब्रुनुकसानीचं कलम पुरलं. ते कलम आजही आहे बरं का! आधी दंडसंहितेत ४९९-५०० होतं, आता भारतीय न्याय संहितेत ३५६. तुमच्या पोस्टलाही ते लागू होतं.

मग त्यांनी लिहायलाच नको होतं का? मला तसं वाटत नाही. पत्रं तपासायला हवी होती, हे खरं. पण महाराजांविषयीची काळजी खोटी नव्हती. २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरला, पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर महाराजांचा मृत्यू झाला.

आगरकरांनी तुरुंगातल्या दिवसांवर ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’ हे पुस्तक लिहिलं. लायब्ररीत मिळालं तर जरूर वाचा. आणि राजाराम कॉलेजवाल्यांनो, हे खास तुमच्यासाठी. या खटल्याच्या मदतनिधीसाठी तुमच्या कॉलेजच्या पोरांनी नाटक बसवलं होतं, असं गोखल्यांच्या चरित्रांत येतं. त्यात बाईची भूमिका करणारा पहिल्या वर्षाचा मुलगा म्हणजे गोपाळ कृष्ण गोखले.