गोटा आणि ग्रॅनाइट

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबती निघतात. त्याच दिवशी तिथून शंभरेक किलोमीटरवर, पांढुर्ण्यात, जाम नदीच्या दोन्ही काठांवर गोट्यांचे ढीग लागलेले असतात. एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव. पात्रात पळसाचे झाड रोवलेले, त्यावर झेंडा. पांढुर्णेकरांनी पाण्यात उतरून कुऱ्हाडीने झाड तोडायचे आणि झेंडा पळवायचा. सावरगावकरांनी गोटे मारून त्यांना पिटाळायचे. सांज झाली तरी झेंडा कुणाच्या हाती लागला नाही, तर समेट होतो आणि तो चंडीमातेच्या देवळात जातो. हीच गोटमार. पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावची मुलगी घेऊन पळाला, नदीत अडकला आणि दगडांखाली दोघेही गेले, अशी कथा सांगतात. भोसल्यांच्या फौजेचा सराव इथे चालायचा, असे म्हणणारेही आहेत. जखमी दरवर्षी शेकड्यांनी मोजले जातात आणि 1955पासून दहाहून अधिक माणसे या खेळात दगावली आहेत.

आता दगडाचाच दुसरा खेळ बघू. कर्लिंग. बर्फाच्या सुमारे 45 मीटर लांब पट्टीवर मूठ लावलेला, घासून गोल केलेला ग्रॅनाइटचा दगड सरकवायचा आणि पलीकडच्या वर्तुळाच्या मध्याजवळ नेऊन थांबवायचा. दगडापुढे दोन खेळाडू बर्फ झाडत धावतात. पहिल्यांदा टीव्हीवर बघणाऱ्याला हे घरकामच वाटते! स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या या खेळावर कॅनडाचा जीव आहे. तिथल्या पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेची, ब्रायरची, परंपरा 1927पासूनची.

दोन्ही खेळांचा हिशेब शाळेतल्या एकाच सूत्राने मांडता येतो. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमानाची निमपट गुणिले वेगाचा वर्ग. कर्लिंगचा दगड 18 किलोचा धरू. तो हातातून सुटताना सेकंदाला साधारण दोन मीटर जातो, म्हणजे आपण भरभर चालू त्याहून थोडा जास्त. ऊर्जा 36 ज्यूल. जाम नदीकाठचा 180 ग्रॅमचा गोटा घ्या, मुठीत सहज मावणारा. दमदार हाताने तो सेकंदाला 20 मीटर वेगाने फेकला, तर ऊर्जा किती? तीही 36 ज्यूलच. वजन शंभरपट कमी, वेग दहापट जास्त, आणि वेगाचा वर्ग होत असल्याने हिशेब तंतोतंत मिटला.

मग एकाने टाळ्या मिळतात आणि दुसऱ्याने टाके पडतात, ते कशामुळे? ऊर्जा कुठे आणि किती वेळात खर्च होते, यामुळे. कर्लिंगचा दगड आपले 36 ज्यूल बर्फाशी घासत पंचवीसेक सेकंदांत, तिसेक मीटरच्या प्रवासात संपवतो. गोटा तेवढीच ऊर्जा कपाळावर सेकंदाच्या शतांशाहूनही कमी वेळात रिकामी करतो. तो एका सेंटिमीटरमध्ये थांबला असे समजले, तर सरासरी बल 3600 न्यूटन येते, म्हणजे साडेतीन क्विंटलांहून जास्त भार. तोही दोन-चार चौरस सेंटिमीटर जागेवर. त्यात गोफण आली, तर हाताची लांबी जणू वाढते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. ज्वारीवरची पाखरे उडवायला जे साधन चालते, ते माणसांच्या गर्दीवर रोखले की काय होईल, ते या आकड्यांतच आहे. गोटमारीत गोफणीवर प्रशासन बंदी घालते, ती याचसाठी.

दगडाची जातही बघायला हवी. ऑलिंपिकमधले दगड स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळच्या एल्सा क्रेग या चिमुकल्या बेटावरचे. तिथल्या ग्रॅनाइटचे कण इतके बारीक आणि एकमेकांत इतके घट्ट गुंतलेले की पाणी आत शिरत नाही. शिरले असते तर गोठून फुगले असते आणि दगड तडकला असता. पांढुर्ण्याचा गोटा मुख्यतः दख्खनच्या काळ्या पाषाणाचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. बेसॉल्ट ग्रॅनाइटहून जड असतो, म्हणून त्याच मापाचा गोटा हाताला थोडा जास्तच भरतो. शेजारच्या सौंसरचे नाव तर भूशास्त्राच्या पुस्तकांत कायमचे बसले आहे. मॅंगनीज आणि संगमरवर पोटात बाळगणाऱ्या, लाव्हाहून कितीतरी प्राचीन अशा खडकांना जगभर ‘सौंसर समूह’ म्हणून ओळखतात. ऑक्टोबर 2023मध्ये छिंदवाड्यातून वेगळा झालेला पांढुर्णा जिल्हा याच दोन तालुक्यांचा. संत्र्याच्या बागांखाली एवढा इतिहास दडलेला आहे, हे तिथल्या किती शाळांत शिकवत असतील, देव जाणे.

कर्लिंगचा दगड जन्मापासून काही गोल, गुळगुळीत नव्हता. सुरुवातीचे दगड थेट नदीतून उचललेले, वेडेवाकडे, बोटे अडकवायला खाचा पाडलेले. त्यातल्या एकावर 1511 हे साल कोरलेले आहे. मुठी पुढे आल्या, गोल आकार त्याहूनही नंतर. गोठलेल्या तळ्यांवर एक गाव शेजारच्या गावाशी ईर्ष्येने भिडायचे. 1838मध्ये एडिंबरात क्लब निघाला, नियम छापले गेले, दगडाचे वजन-माप ठरले. ईर्ष्या मात्र होती तिथेच राहिली. 2002च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये ब्रिटनच्या ऱ्होना मार्टिनने अगदी शेवटच्या दगडावर स्वित्झर्लंडला 4–3 हरवले, तेव्हा ब्रिटनमध्ये मध्यरात्र उलटून गेली होती आणि लाखो लोक जागे होते. 2018मध्ये दक्षिण कोरियाचा संघ आला तो उइसाँग या लसणासाठी नावाजलेल्या गावचा. लोकांनी खेळाडूंना ‘लसूणवाल्या पोरी’च करून टाकले. कर्णधार किम उन-जंग सोबतच्या खेळाडूला ‘यंग-मी!’ अशी हाक द्यायची, आणि ती हाक देशभर घरोघरी घुमली. उपांत्य सामन्यात जपानवरचा 8–7 विजयही शेवटच्याच दगडाचा. संत्र्याच्या गावाने लसणाच्या गावाकडे जरा कुतूहलाने बघावे, असे मला वाटते ते यासाठी.

एक गंमत घरीच करून बघा. स्टीलचा पेला गुळगुळीत टेबलावर पालथा घाला आणि घड्याळाच्या उलट दिशेने फिरवत पुढे ढकला. तो उजवीकडे वळेल. कर्लिंगचा दगड तसाच फिरवत सोडला, तर तो डावीकडे वळतो. का? 2013मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी सांगितले की, दगडाची पुढची कड बर्फावर बारीक ओरखडे काढते आणि मागची कड त्यांच्या आधाराने वळते. सगळ्यांना ते पटलेले नाही. पाचशे वर्षांच्या खेळातला दगड का वळतो, यावर भौतिकशास्त्रज्ञ अजून भांडतात.

पांढुर्ण्यात दगडाऐवजी रबरी चेंडू देऊन बघितले. लोकांनी ते बाजूला सारले आणि पुन्हा गोटे उचलले. खेळावरची बंदीही टिकली नाही. मला यात नवल वाटत नाही. हलका चेंडू हवेतच वेग गमावतो, उसळून परत येतो. गोट्याचा वचक त्याला कुठून येणार? स्कॉटलंडने दगड काढून घेतला नाही, त्याचा वेग आणि वाट ठरवून दिली. इथे निदान कपाळाचे तरी ठरवता येईल. हेल्मेटचा जाड फोम गोट्याला एकाऐवजी तीन सेंटिमीटरमध्ये थांबवत असेल, तर तेच 36 ज्यूल 1200 न्यूटनांवर येतात, आणि तेही पसरून.

एक विनंती पांढुर्णा आणि सौंसरच्या डॉक्टरांना. पुढच्या पोळ्याच्या पाडव्याला जखमींचा नुसता आकडा लिहू नका. कुठे लागले, किती अंतरावरून, हाताने की गोफणीने, डोक्यावर काही होते की नव्हते, एवढे चार रकाने वहीत वाढवा. वही भरायला माणसे लागली, तर विज्ञानाचे मास्तर आणि त्यांची दहावीची पोरे मदतीला येतील.