टीईटी पास, पण मत नाही! शिक्षक आमदाराच्या निवडणुकीत ऑनलाइन नेमकं काय होतं?

समजा, चाकणजवळच्या जिल्हा परिषद शाळेत तिसरीला शिकवणाऱ्या एक बाई आहेत. टीईटी पास, नोकरीला बारा वर्षं. आणि भोसरीच्या हायस्कूलमध्ये दहावीला गणित शिकवणारे एक सर आहेत. त्यांनी टीईटी कधी दिलेलीच नाही. शिक्षक आमदाराच्या निवडणुकीत मत मात्र सरांना आहे, बाईंना नाही.

कारण इथे प्रमाणपत्र बघत नाहीत, शाळेची पातळी बघतात. राज्यघटनेचं कलम 171 सांगतं की विधान परिषदेच्या साधारण एक बारांश जागा माध्यमिक किंवा त्यावरच्या संस्थांमधल्या शिक्षकांनी निवडायच्या. महाराष्ट्राच्या 78 पैकी अशा जागा 7. पहिली ते सातवीच्या प्राथमिक शाळेतले शिक्षक या हिशोबात येतच नाहीत. आकुर्डी-निगडीच्या कॉलेजमधले प्राध्यापक येतात. खासगी क्लासवाले येत नाहीत.

दुसरी अट नोकरीची. 1 नोव्हेंबर या पात्रता तारखेच्या आधीच्या सहा वर्षांत मिळून किमान तीन वर्षं शिकवलेलं हवं. ती सलग असायला हवीत असं नाही.

तिसरी अट राहण्याची, आणि इथे बरेच जण गोंधळतात. मत शाळेच्या पत्त्यावर नाही, घराच्या पत्त्यावर मिळतं. पुणे शिक्षक मतदारसंघात पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर असे पाच जिल्हे आहेत. तळेगावात राहून पिंपरीत शिकवणारा इथलाच मतदार. पण घर संगमनेरला आणि शाळा चाकणला असेल, तर नाव नाशिक विभागात लागणार.

आता ऑनलाइनचं. ऑनलाइन होते ती फक्त नोंदणी. नमुना 19 हा अर्ज मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरून भरता येतो. पण त्याला संस्थाप्रमुखाच्या सही-शिक्क्याचा सेवेचा दाखला लागतोच. आणि विधानसभेच्या यादीत नाव असून इथे काही उपयोग नाही. ही यादी दर निवडणुकीला कोरी सुरू होते. पुण्याची मागची निवडणूक 1 डिसेंबर 2020 ला झाली, तेव्हा यादीत असलेल्यालाही पुढच्या वेळी नव्यानेच अर्ज करावा लागतो. पक्ष किंवा संघटनांनी आणलेले अर्जांचे गठ्ठे घेतले जात नाहीत. मुख्याध्यापक मात्र आपल्या सगळ्या पात्र शिक्षकांचे अर्ज एकत्र पाठवू शकतात.

मग मतदानही मोबाईलवर का नाही? बिहारने जून 2025 मध्ये नगरपालिका निवडणुकीत काही मतदारांना ॲपवरून मत द्यायची सोय दिली होती. पण तिथला आणि इथला मतदार वेगळा आहे. खासगी अनुदानित शाळेत नोकरी, बढती, रजा या सगळ्यावर संस्थाचालकांचा हात असतो. मतदार असल्याचा दाखलाही संस्थाच देते. स्टाफ रूममध्ये मोबाईलवर मत द्यायचं म्हटलं, तर शेजारी कोण उभं आहे हे निवडणूक अधिकाऱ्याला कसं कळणार? केंद्रावरच्या पुठ्ठ्याच्या आडोशाचं काम ॲप करू शकत नाही.

2005 पासून इंटरनेटवर मतदान घेणाऱ्या एस्टोनियाने यावर तोड काढली. तिथे मुदत संपेपर्यंत मत बदलता येतं आणि शेवटचंच धरलं जातं. म्हणजे दबावाखाली दिलेलं मत घरी जाऊन फिरवता येतं. आपल्याकडे या निवडणुकीसाठी अशी कुठलीच तरतूद नाही.

इथे ईव्हीएमसुद्धा नसतं. मत पसंतीक्रमाने द्यायचं असतं, म्हणून कागदी मतपत्रिका आणि मतपेटी. वैध मतांच्या निम्म्यापेक्षा एक जास्त हा विजयाचा कोटा: 10,000 वैध मतं असतील तर 5,001. पहिल्या पसंतीत कुणीच तिथवर पोहोचलं नाही, तर तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीनुसार इतरांना वाटल्या जातात. असं कोटा गाठेपर्यंत किंवा एकच उमेदवार उरेपर्यंत चालतं, त्यामुळे मोजणी रात्रभर लांबली तरी नवल नाही.

आणि गंमत म्हणजे आयुष्यभर पेपर तपासलेल्यांची मतंही बाद होतात. केंद्रावर मिळणाऱ्या जांभळ्या स्केच पेननेच लिहायचं, स्वतःचं पेन चालत नाही. बरोबरची खूण नको, ‘एक’ असं अक्षरी नको. आकड्यात 1 लिहायचा, तोही एकाच नावासमोर. 2, 3 पुढे लिहिले नाहीत तरी चालतं, पण 1 नसेल तर मतपत्रिका बाद.