रात्रीची वही

गेल्या हिवाळ्यात माझी झोप पार उडाली होती. ह्यांना जाऊन वर्ष झालं होतं. रात्री दोन वाजता डोळे उघडायचे आणि मनात हिशेब सुरू व्हायचा: मुलाने फोन केला नाही, अमकी काय बोलली, उद्या कुठला गुडघा दुखेल. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या आणि म्हणाल्या, ‘‘झोपण्यापूर्वी तीन चांगल्या गोष्टी वहीत लिहा.’’ मला रागच आला. दुःख काय वहीने जातं?

पहिला आठवडा लिहिलं: देवाची कृपा, मुलं सुखी, घर आहे. रोज तेच. शाळेतली शिक्षाच! मग एके दिवशी लिहिलं, ‘बाजारात ताजी कोथिंबीर मिळाली. ह्यांच्या आवडीची हिरवी चटणी केली. रडले, पण पोटभर जेवले.’ त्या रात्री कळलं, असं नेमकं लिहायचं असतं.

मनाला काटा आधी दिसतो, तो त्याचा स्वभावच. पण रात्री लिहायचं असलं की दिवसभर डोळे दुसरंही शोधू लागतात. रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅकलो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 2003 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात 10 आठवडे, आठवड्यातून एकदा, पाच चांगल्या गोष्टी लिहिणारे लोक कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा जास्त समाधानी आढळले. त्यांच्या शरीराच्या तक्रारीही कमी होत्या.

आपल्याला हे नवीन नाही. सकाळी ‘मोदे आनी’ म्हणतो, नवस फेडताना मलिदा करतो. शौचाहून आल्यावर म्हणायच्या ‘आशेर यात्सार’ बेराखाचं लहानपणी हसू यायचं. आता बद्धकोष्ठ झालेल्याला विचारा!

रोज जमत नसेल तर आठवड्यातून एकदा लिहा. हात थरथरत असेल तर नातवंडांना सांगा, ती लिहितील. दुःख झालं तर तेही लिहा, खोटं हसू नको. मात्र दोन आठवडे सतत मन उदास असेल, भूक-झोप गेली असेल किंवा जगणं नको वाटत असेल, तर वहीवर थांबू नका. डॉक्टरांना लगेच सांगा.

माझी झोप अजून मोडते, पण हिशेब लवकर संपतो. मुलाचा फोन अजूनही येत नाही. गेल्या गुरुवारी मीच केला. चाळीस मिनिटं बोललो. त्या रात्री वहीत एकच ओळ लिहिली.