मोहापासून ठरावापर्यंत

पहाटे साडेचार. मार्चअखेरीला गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या या गावात कुणाला गाठायचं, तर मोहाखालीच गाठावं लागतं. फुलं अंधारातच गळायला लागतात, बाया टोपल्या घेऊन हजर. ग्रामसभेच्या सामूहिक वनहक्काचा व्यवस्थापन आराखडा लिहायला मी मदत करते. त्यातलं गौण वनोपजाचं प्रकरण मी इथेच, वेचता वेचता भरते. कोणतं झाड कोणत्या घराचं, टोपल्या किती, खालचा पाला जाळला की झाडला? शेवटचा प्रश्न जरा हळू विचारते. पाला जाळला की फुलं चटकन दिसतात, आणि तीच आग निसटली तर टेकडी जाते. यंदा पाला झाडायचा असं ठरलंय. पाळतं निम्मं गाव.

सात. मोजणी. 0.1 हेक्टरचा चौकोन, म्हणजे बाजू 31.62 मीटर. चार कोपऱ्यांना खुंट्या, दोर, आणि झाडाला जमिनीपासून 1.37 मीटरवर फीत. याला छातीउंचीचा घेर म्हणतात, म्हणून पोरं आपापल्या छातीला फीत लावून पाहतात आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा येतो. आता मी काठीवर खूणच करून ठेवलीय. उतारावर वरच्या अंगाने मोजायचं. येन, धावडा, मोई, तेंदू. मग खाली वाकून रोपं. वर झाडं भरपूर आणि खाली एकही रोप नाही, असा प्लॉट लागला की मी वहीत दुहेरी रेघ मारते. पुनरुत्पादन थांबलेलं जंगल आज हिरवं दिसतं एवढंच.

साडेनऊ. बांबूचा कूप, म्हणजे तोडीचा पट्टा. इथे शिकवायला मी नाही, एक म्हातारे काका. "ताई, हा करला. याले हात लावाचा नाही." यंदाचा कोंब, अंगावर अजून सालपट. कापायचा तो दोन वर्षांवरचा बांबू, जमिनीपासून 15 ते 45 सेंटिमीटरवर आणि गाठीच्या लगेच वर, नाहीतर राहिलेल्या पोकळ थुटात पाणी साचून सडतं. नवे कोंब बेटाच्या कडेला येतात, जुने बांबू मधे अडकतात. पण मजुरी नगावर असली की माणूस हाताला येईल ते कडेचं तोडतो, आणि बेटाच्या पोटात गुंता वाढत जातो. ठेक्याच्या काळात हेच झालं, असं काका सांगतात, आणि बेटं पाहिली की खरं वाटतं. म्हणून आता एका बाजूने आत शिरायचं, घोड्याच्या नालेसारखी वाट करत, आणि करल्याला आधार म्हणून काही जुने बांबू राखायचे. मला विचाराल तर अख्ख्या आराखड्यात काकांच्या सांगण्यावरून लिहिलेल्या या परिच्छेदाइतकं उपयोगाचं दुसरं काही नाही.

बांबू ग्रामसभेच्या हाती येऊ शकतो याचं उदाहरण जवळच आहे: याच तालुक्यातल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं.

एक. भात, डाळ, डुलकी.

अडीच. समाजमंदिरात नकाशे पसरतो. वन विभागाच्या कार्य आयोजनेत जंगल कक्षांत वाटलेलं, प्रत्येकाला क्रमांक. गावाकडे त्याच जागांना नाला, खडक, देव यांची नावं. काम असं की एक जण नाव सांगतो, दुसरा बोट ठेवतो, तिसरा म्हणतो तिथे नाही. दोन्ही नकाशे जुळवणं कंटाळवाणं आहे, पण टाळता येत नाही. 2012 च्या सुधारित नियमांनुसार ग्रामसभेच्या समितीने आपला आराखडा करायचा आणि विभागाच्या आयोजनेशी जोडताना कोणते बदल लागतील हेही समितीनेच ठरवायचं. कागदावर हे छान वाचता येतं. कचेरीत मात्र 'आमच्या आयोजनेत बसत नाही' हे उत्तर तयार असतं.

आजचा वाद एका विरळ पट्ट्याचा. छत्र 10 ते 40 टक्के असलं की विरळ वन. विभागाच्या कागदात तिथे साग रोपवन सुचवलेलं. गावाच्या दृष्टीने ती चराईची आणि चारोळीची जागा.

पाच. वनरक्षक येतात, चहा होतो. भला माणूस. रोपवनाचं उद्दिष्ट वरून येतं, त्याचं ओझं त्यांच्याच गळ्यात. मी त्यांना काकांनी दाखवलेली बेटं पाहायला बोलावते.

साडेसात. ग्रामसभा. एक आजी उठते. "साग लावला त बैलं कुठी चाराचे?" तरुण पोरं म्हणतात, चराई अशीच चालली तर चारोळीचं रोप वर येणारच नाही. दोघांचंही खरं आहे. तासाभराने तोडगा निघतो: साग नको. पट्ट्याचा नाल्याकडचा भाग तीन पावसाळे चराईबंद, बाकी मोकळा. मी ठराव लिहायला घेते, एवढ्यात मागून कोणी विचारतं, शेजारच्या गावाची गुरंही तिथेच येतात, त्यांना कोण सांगणार? वहिवाट त्यांचीही आहे. मग ठरावावर 'तहकूब' लिहिते आणि शेजारच्या गावाला जायला पाच जणांची नावं घेते. त्यात आजीचं पहिलं.