शिंपल्याची खूण

श्रोतेहो, स्पेन देशाच्या वायव्य कोपऱ्यात गॅलिसिया नावाचा पावसाळी प्रांत आहे. तेथील सांतियागो गावी येशूच्या बारा शिष्यांपैकी याकोब याची समाधी आहे, अशी ख्रिस्ती भाविकांची श्रद्धा. नवव्या शतकात ती सापडल्याची वार्ता पसरली आणि पुढे युरोपभरातून माणसे तिकडे पायी निघाली. फ्रान्सच्या सरहद्दीवरून धरले तर ही वाट सुमारे ७८० किलोमीटरांची भरते.

आता तुम्ही विचाराल, दारात उभा राहिलेला परका माणूस यात्रेकरू की भामटा, हे ओळखायचे कसे? वेशावरून! रुंद काठाची टोपी, हातात काठी, पाण्याचा भोपळा, खांद्याला झोळी. आणि मोठी खूण म्हणजे शिंपला. अक्षरओळख नसलेल्यांची ती सनदच म्हणा ना.

शिल्पकारांनी हीच खूण उचलली. फ्रान्समधील ओतँ येथील चर्चच्या दारावर बाराव्या शतकातले अंतिम न्यायाचे शिल्प आहे. मेलेली माणसे कबरीतून उठताहेत, अंगावर वस्त्र नाही. त्यांत दोघांच्या खांद्याला तेवढी झोळी राहिली आहे. एकीवर क्रूस, म्हणजे तो जेरुसलेमचा यात्रेकरू, दुसरीवर शिंपला. बाकी सगळे सुटले, चाललेली वाट तेवढी बरोबर आली!

याहून नवल स्पेनमधील सिलोस मठात आहे. मरणातून उठलेला येशू अम्माऊस गावाच्या वाटेवर दोन शिष्यांना भेटतो, पण ते त्याला ओळखत नाहीत, परका समजतात. लॅटिन बायबलात येथे जो शब्द आहे, त्याचा अर्थ परका असाही होतो आणि यात्रेकरू असाही. शिल्पकाराने सरळ येशूच्या झोळीवर शिंपला कोरला. म्हणजे गुरूच शिष्याच्या यात्रेला निघालेला, आणि तीही यात्रा सुरू होण्याच्या आठशे वर्षे आधी! शिक्षकबंधूंनो, इतिहासाच्या दृष्टीने ही चूक खरी, पण दारी आलेल्या परक्याला हाकलण्यापूर्वी पाहणारा क्षणभर थबकला असेल.

याकोबालाही पुढे त्याच्याच यात्रेकरूंचा वेश चढला. त्याचे दुसरेही रूप आहे: घोड्यावर बसून मुसलमान मूरांना कापून काढणारा. लढायांच्या काळाने ते घडवले. मला विचाराल तर काठीवालाच खरा.

सांतियागोच्या देवळात मातेओ या शिल्पकाराने ११८८ साली दारावरच्या आडव्या शिळा बसवल्या. मधल्या खांबावर याकोब बसला आहे. पोहोचलेला प्रत्येक जण त्याखाली हात टेकी. शेकडो वर्षांत संगमरवरात पाच बोटांचे खळगे पडले. आता तेथे हात लावू देत नाहीत.