गाविलगडाचा विजेता, लंडनच्या व्यंगचित्रांत

चिखलदऱ्याला खेटून उभा असलेला गाविलगड इंग्रजांनी १५ डिसेंबर १८०३ रोजी नागपूरकर भोसल्यांकडून घेतला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. जिंकणारा सेनानी होता आर्थर वेलस्ली, म्हणजेच पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. लंडनच्या व्यंगचित्रकारांना त्याच्याइतके आवडते गिऱ्हाईक क्वचितच मिळाले.

विल्यम हीथने १८२७ मध्ये ‘पॉल प्राय’ या टोपणनावाने त्याचे चित्र काढले: एक उंच बूट, त्यातून वर आलेले टोपीसह डोके, मध्ये धडच नाही! वेलिंग्टन पंतप्रधान झाल्यावर, १८२९ मध्ये, हीथने त्याला घोडागाडीचा सारथी केले. सत्तेला इतक्या निर्भयपणे हसणारी ही कला आजही थक्क करते.

तंत्र कष्टाचे होते. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर देत, सुईने तो खरवडून रेषा काढत आणि आम्लात पत्रा बुडवत. आम्ल उघड्या रेषाच खाई. त्या खाचांत शाई भरून छाप घेत. मजकूर पत्र्यावर उलटा लिहावा लागे. रंग मात्र प्रत्येक प्रतीवर हाताने भरत.

मुंबईही या कलेतून सुटली नाही. टॉमस टेगने १८१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘क्वी हाय’ या नायकावरच्या आठ सर्गांच्या विनोदी काव्याला टॉमस रोलँडसनची चित्रे आहेत. इंग्लंडहून आलेल्या तरुण लष्करी अधिकाऱ्याच्या या फजितीकथेत मुंबईचा बंदर धक्का, डोंगरी आणि घारापुरीची लेणीही चितारलेली दिसतात.