वजन कमी करण्याच्या सर्जरीनंतर अन्न पचतं कसं? स्वादुपिंडाचं काम समजून घेऊया

मार्च २०१७ मध्ये चर्नी रोडच्या सैफी हॉस्पिटलमध्ये इजिप्तच्या इमान अहमद यांच्यावर वजन कमी करण्याची सर्जरी झाली. त्या बातम्यांमुळे ‘बॅरिएट्रिक सर्जरी’ हा शब्द आपल्यापैकी अनेकांच्या कानावर पडला. चर्चा झाली ती वजनाच्या आकड्यांची. पचनाचं पुढे काय होतं, ते मागेच राहिलं. मुलुंडच्या माझ्या आत्याचं बायपास झालं, तेव्हा तिने विचारलं, “अरे, शुगरची गोळी बंद झाली, मग व्हिटॅमिनची कशाला चालू?” मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, डॉक्टर नाही. पण पचन हीसुद्धा एक सिस्टीमच आहे. चला, बघूया.

स्लीव्ह आणि बायपासमध्ये फरक काय?

स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढतात. उरते केळ्याच्या आकाराची नळी, पण अन्नाचा पुढचा रस्ता तोच राहतो. बायपासमध्ये जठराचा सुमारे ३० मिलीचा छोटा कप्पा करून तो थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. म्हणजे रस्ताच बदलतो.

स्वादुपिंडाचा काय संबंध?

स्वादुपिंडाला कुणी हात लावत नाही. पण चरबी, प्रथिनं आणि पिष्टमय पदार्थ पचवणारे त्याचे रस लहान आतड्याच्या सुरुवातीला येतात. अन्न तिथे पोचलं की रस सोडायचा सिग्नल मिळतो. बायपासनंतर अन्न तिथे जातच नाही. सिग्नल कमी पडतो आणि रस अन्नाला बराच पुढे भेटतो. समजा, मुलुंडला गाडीत चढणारा माणूस आता घाटकोपरला चढतोय. दादरपर्यंत काम उरकायला त्याला वेळ कमी मिळणार. म्हणून काहींना चरबी पचत नाही. शौच तेलकट, दुर्गंधीयुक्त होतं आणि पाण्यावर तरंगतं. अशा वेळी डॉक्टर शौचातल्या इलॅस्टेजची तपासणी करतात आणि गरज असेल तर जेवणासोबत एन्झाइमच्या कॅप्सूल देतात.

मग शुगर कशी सुधारते?

अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोचतं. तिथून जीएलपी-१ नावाचं हार्मोन जास्त सुटतं आणि ते स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला सांगतं. त्यामुळे वजन फारसं उतरण्याआधीच शुगर सुधारू शकते. याची दुसरी बाजूही आहे. उसाचा रस किंवा जिलेबी घेतल्यावर एक ते तीन तासांत काहींची शुगर एकदम खाली येते. घाम फुटतो, हात थरथरतात.

आत्याच्या प्रश्नाचं उत्तर

लोह आणि कॅल्शियम मुख्यतः आतड्याच्या त्याच वगळलेल्या भागात शोषलं जातं. बी-१२ शोषायला जठरातून येणारं एक प्रथिन लागतं, तेही आता अन्नाला नीट भेटत नाही. शुगर सुधारली तरी हा रस्ता पूर्ववत होत नाही, म्हणून या गोळ्या आयुष्यभर. बरं वाटतंय म्हणून त्या स्वतःहून थांबवल्या, तर रक्तक्षय, हाडं ठिसूळ होणं, हातापायांना मुंग्या येणं असे त्रास काही महिन्यांनी, कधी वर्षांनी दिसतात. तुमच्या घरात कुणाची सर्जरी झाली असेल, तर त्यांची रक्ततपासणी शेवटची कधी झाली, ते आजच विचारा.